उपाशीपोटी

शाहूपुरीत गुळाच्या दुकानाबाहेर उभी राहून मी फोनवर आईशी वाद घालत होते. आईचं म्हणणं, पिवळाधमक गूळ आणू नकोस, त्यात काहीतरी घातलेलं असतं. माझं म्हणणं, मग पेठ वडगावात बसून हुकूम सोडण्यापेक्षा स्वतः येऊन घे. एवढ्यात मानेवर गरम, ओलसर श्वास आला... आणि खांद्यावरची पिशवी हलकी झाली.

वळून बघितलं तर एक पांढरी घोडी. डोळे अर्धवट मिटून, अगदी समाधानानं माझा गूळ खात होती.

"घाबरू नगासा, चावत न्हाई ती," घोडीच्या पलीकडून आवाज आला. मग घोडीच्या मानेखालून एक डोकं डोकावलं. कुरळे केस, कपाळावर भस्माचं बोट, आणि चेहऱ्यावर गूळ आपणच खाल्ल्यासारखं हसू.

"घाबरलं कोण? माझा गूळ खाल्ला तिनं."

"व्हय की. तिला चांगला गूळ लगेच कळतोय."

"आणि मालकाला?"

"मालकाला काय... मालक नुसता मागनं फिरतोय." त्यानं घोडीचं तोंड हळूच बाजूला केलं. "म्याडम, हितं क्रांती डॉक्टर कुठं बसत्यात? घोड्याचं लई बघत्यात म्हनं. म्हातारं मानूस असंल."

"चिडकं पण आहे."

"चिडकं असूंदे. हाताला गुण असला म्हंजे झालं."

"मग चला माझ्यामागनं. त्यांचाच गूळ खाल्लाय तुमच्या घोडीनं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग रिकाम्या पिशवीकडं, मग घोडीकडं. कान लाल होताना मी पुष्कळांचे बघितलेत, पण इतके ठळक कुणाचे नाही. मला फार बरं वाटलं.

माझ्या दवाखान्यात येतात ती बहुतेक लाडावलेली कुत्री. पण पदवीनंतर मी शिकले होते ते वेगळंच. सूज उतरवणारं औषध घोड्याच्या पोटातून रक्तात कसं शिरतं आणि अंगातून बाहेर कसं पडतं, एवढी एकच गोष्ट. घरी हे अजून कुणाला नीट सांगता येत नाही. आई पाहुण्यांना सांगते, "घोड्याच्या गोळ्यांचं शिकलीय," आणि पाहुणे विषय बदलतात.

घोडीचं नाव शेवंती, मालकाचं अमरेश. कुरुंदवाडचा, घोडी टेम्पोतनं आणलेली. ऊस, चार म्हशी आणि ही एक घोडी. शेवंतीचा पुढचा डावा पाय खुराच्या वर सुजला होता, हाताला गरम लागत होता. मोडतोड काही नव्हती, पण आत चांगलीच आग होती.

"यात्रेपत्तर पळंल न्हवं?" त्यानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"कुठली यात्रा?"

नदीपलीकडच्या गावच्या यात्रेत घोडागाडीच्या शर्यती असतात. गेल्या साली शेवंती पहिली आली. दुसऱ्या नंबरावर गेलेले आण्णा नावाचे एक जुने शौकीन तिथंच मैदानात म्हणाले, गोळी देऊन पळवली. झालं. कोल्हापूर भागात एकदा नाव पडलं की ते आधारकार्डापेक्षा पक्कं. तेव्हापासून अमरेश गोळीवाला झाला. चहाच्या गाड्यावर गेला तरी "या गोळीवाले" म्हणून बाकावर जागा करून द्यायचे. यंदा यात्रा कमिटी घोड्यांचं मूत्र तपासणार होती.

"एकदा पळूंदे आन एकदा तपासूंदे," तो शेवंतीच्या मानेवर थोपटत म्हणाला. "बक्षीस बिक्षीस कुणाला पायजे. त्ये नाव तेवढं पुसलं म्हंजे झालं."

आणि मी त्याच्या हातात गोळ्यांची पाकिटं ठेवली.

तो त्यांच्याकडं असा बघू लागला की मलाच हसू आलं. "औषध आहे हो, चोरी नाही. वेळेत बंद केलं की यात्रेपर्यंत अंगातून निघून जातं. ते माझ्यावर सोडा. फक्त एक नीट ऐका. सकाळी गोळी कुटून गुळात घालून द्यायची. उपाशीपोटी. आधी काही खायचं नाही, आणि दिल्यावर उन्हं चांगली वर येईपर्यंत तोंड बंद. कळलं?"

"कळलं."

"म्हणून दाखवा."

"उपाशीपोटी. आधी काय खायाचं न्हाई. उन्हं वर येईपत्तर तोंड बंद." मग जरा थांबून... "लई कडक हाय वो तुमचं औषध."

मी म्हटलं, औषध कडकच असतं.

---

संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आधी शेवंतीच्या पायाचा व्हिडिओ, मग फोन. पहिले काही दिवस बोलणं पायापुरतं होतं. नंतर पाय दोन मिनिटांत आटपायचा आणि बाकीचं बोलणं लांबायचं.

"डॉक्टर, ही गोळी आत गेल्यावर करती काय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी आपण होऊन विचारला नव्हता. मी गच्चीवर गेले. खाली शाहूपुरीच्या रस्त्यावर गुळाचे ट्रक लागत होते, वाऱ्यावर तो गोडसर वास येत होता. मी कठड्याला टेकून सांगत सुटले.

"पोटातून आतड्यात जाते, आतड्यातून रक्तात. रक्तातून सुजलेल्या जागी. मग यकृत तिची तोडफोड करतं. पण गंमत अशी की तुटून जे दुसरं तयार होतं, तेही थोडं काम करतं. शेवटी सगळं मुतावाटे बाहेर."

"म्हंजे जाता जाता बी कामच."

"हो. आणि दुसरी गंमत. रक्तातून ती लवकर कमी होते. पण जिथं दुखतंय ना, तिथं थांबून राहते. रक्तात फारशी उरली नाही तरी गुण येत राहतो, तो त्यामुळं."

"ऐकताय ना?" मी विचारलं.

"हाय, हाय मी," तो म्हणाला. "जिथं दुखतंय तिथं थांबती. चांगलं हाय की. मानसं बी एवढी थांबत न्हाईत."

मी म्हटलं, उद्याचा व्हिडिओ जरा उजेडात काढा.

पण हाच मनुष्य सकाळी वेगळा असायचा. सकाळी फोन केला की कट. पुन्हा केला, पुन्हा कट. मग मेसेजवर शेवंतीचा फोटो आणि अंगठा. नुसता अंगठा. संध्याकाळी मी विचारलं, "सकाळी कुठं असता हो?" तर म्हणाला, "तुमास्नी ठाऊक हायच की," आणि हसला. मला काही ठाऊक नव्हतं. मी मात्र ठाऊक असल्यासारखं हसले, कारण मी मूर्ख आहे.

त्यात पायाचं कोडं वेगळंच. एका दुपारी मुद्दाम कुरुंदवाडला जाऊन बघितलं, तर शेवंती अजून लंगडत होती. सकाळच्या गोळीचा गुण दुपारी दिसायलाच हवा. संध्याकाळच्या व्हिडिओत मात्र ती छान चालायची.

"गोळी उपाशीपोटीच देताय ना?"

"एक दिस चुकलो न्हाई," त्यानं गळ्याला हात लावून सांगितलं. खरं बोलणाऱ्याचे डोळे कळतात. मी मुकाट्यानं औषध आणखी लांबवलं.

त्या दुपारी तो पाणी आणायला गेला तेव्हा त्याची आई, गंगव्वा, बाहेर आली. "बा ग, बस," कानडी वळणानं म्हणत तिनं मला कट्ट्यावर बसवलं, हातात ताकाचा पेला दिला आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टरीणबाई, मानसाचं बी औषध देतीस काय ग तू?"

"का हो अव्वा?"

"पोरगं सकाळचं अन्न शिवंना झालंय. बोलत बी न्हाई. इचारलं तर देवाकडं बघितल्यावानी सूर्याकडं बघतंय. नवस धरलाय त्येनं. आन ह्या वयात पोरगं नवस कशापायी धरतंय... पोरगीच असणार. तुला काय बोललाय व्हय?"

"नाही," मी म्हटलं. ताकाचा पेला तसाच कट्ट्यावर ठेवला.

म्हणजे सकाळ त्या पोरीची होती. फोन कट, बोलणं बंद, उपास. आणि संध्याकाळ माझी, ती कशासाठी? तर घोडीच्या पायासाठी. अगदी बरोबर होतं. मी डॉक्टर होते. डॉक्टरनं एवढं चिडायचं काही कारण नव्हतं, आणि तरी कोल्हापूरपर्यंत मी स्कूटर ज्या पद्धतीनं चालवली ती आईला सांगण्यासारखी नव्हती.

त्या रात्री त्याचा फोन मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेसेजला फक्त अंगठा पाठवला. आपल्यालाही अंगठा येतो.

---

यात्रा चार दिवसांवर आली तेव्हा मात्र मला राहवेना. मनाला सांगितलं, पाय बघायला जातेय. उजाडायच्या सुमाराला कुरुंदवाडात पोचले. उसाच्या फडांवर धुकं होतं आणि लांबच्या गुऱ्हाळाचा धूर त्यातच मिसळलेला. गोठ्यासमोर अमरेश उभा होता. हातात गुळाचा गोळा. शेवंती तो चाटूनपुसून खात होती, आणि गूळ संपताच तिनं पुढ्यातल्या कडब्यात तोंड घातलं. पुढ्यात कडब्याची अख्खी पेंढी होती, निम्मी संपलेली.

मी जागच्या जागी थांबले.

त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की माझा सगळा राग घटकाभर कुठं ठेवला होता तेच आठवेना. पण तो बोलला नाही. ओठ घट्ट मिटून त्यानं हात जोडले.

"हे काय? शेवंती कडबा खातेय."

त्यानं मान डोलावली.

"गोळी दिली?"

मान डोलावली.

"मग बोलत का नाही?"

त्यानं पूर्वेकडं बोट केलं. सूर्य नुकता उसाच्या तुऱ्यांना लागला होता. मग स्वतःच्या तोंडावर बोट. मग पोटावर हात. आणि मग, अगदी आज्ञाधारकपणे, माझ्याकडं बोट.

उपाशीपोटी. आधी काही खायचं नाही. उन्हं वर येईपर्यंत तोंड बंद.

"तू उपाशी राहतोस?" माझ्या तोंडून निघालं. "तू? अरे, ते घोडीला सांगितलं हुतं मी!"

तो माझ्याकडं बघत राहिला. ओठ उघडले, मग आठवण होऊन पुन्हा मिटले, मग सूर्याकडं बघून त्यानं धीर केला. "घोडीला?" त्याचा आवाज बारीक आला. "आमच्यात काविळीचं औषध देनारं मानूस उपाशी ऱ्हातंय. बोलत बी न्हाई. न्हाईतर गुन येत न्हाई. मला वाटलं तुमचं बी तसंच."

"आणि इतके दिवस तू..."

"एक दिस चुकलो न्हाई."

मी तिथंच पाण्याच्या हौदाच्या कडेवर बसले आणि हसू लागले. तोही हसू लागला. आतून गंगव्वा धावत आली, "मोडलास न्हवं नवस!" म्हणून पोराच्या पाठीत एक घातली. मला हसता हसता रडू येत होतं, कारण ती पोरगी नव्हतीच कुठं. माझीच सवत मीच होते.

आणि मग माझं हसू थांबलं.

"अमरेश," मी म्हटलं, "पोटात कडबा असला की गोळी कडब्याला चिकटून बसते. रक्तात लवकर जातच नाही. कडब्याबरोबर पुढं सरकत मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथं कडबा कुजू लागला की सुटते. म्हणून शेवंतीला गुण संध्याकाळी यायचा. आणि मला वाटलं औषध कमी पडतंय, म्हणून मी ते लांबवलं. आजपर्यंत. बंद करायचं सांगायला फोनही केला नाही, आणि आता चार दिवसांत ते निघत नाही."

"म्हंजे..."

"यात्रेला तिच्या मुतात औषध सापडणार. आणि त्या दिवशी मुताच्या बाटल्या गोळा करायच्या टेबलावर कमिटीनं परवाच मला नेमलंय."

तो शेवंतीजवळ गेला. तिच्या आयाळीत अडकलेली कडब्याची काडी काढत राहिला. पळवली तर सापडणार, आणि गोळीवाला हे नाव जन्मभर. नाही पळवली तर लोक म्हणणार, तपासणीला भ्याला गोळीवाला. दोन्हीकडून तेच. मला भीती वाटत होती की आता हा वळून म्हणेल, टेबलावर तुम्हीच हायसा, तेवढं बघा की. एवढं म्हणाला असता तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. म्हणून भीती वाटत होती.

तो वळला. "पळवायची न्हाई," तो म्हणाला. "पर न्यायची. टेबलाफुडं हुभी करायची आन सांगायचं, गोळी हाय म्हणून. लपवायचं काय त्येच्यात? दुखत हुतं, औषध दिलं."

"लोक हसतील."

"हसूंदेत. तुमी तर आत्ताच हसला की."

मला त्या क्षणी कळलं की हा मनुष्य आपल्याला हवा आहे. घोडी बरी झाली तरी हवा आहे. सूर्य आता चांगला वर आला होता. मी म्हटलं, "आधी आत जा आणि काहीतरी खा." पण तो म्हणाला, आता न्हाई. सकाळचा उपास सोडायचा त्यो यात्रेदिवशी सगळं मिटल्यावरच.

---

मैदान गच्च भरलं होतं. नदीकडून वारा येत होता, धूळ आणि भज्यांचा वास. माझ्या टेबलावर बाटल्या मांडलेल्या. माइकवर बाळासो नावाचे निवेदक होते. त्यांना श्वास घ्यायची सवय नसावी.

"आणि हे आले कुरुंदवाडचे अमरेश, गेल्या सालचे पहिले नंबर, पण पावणं, गाडी कुठं हाय तुमची? नुसती घोडी?"

अमरेश शेवंतीला हातात धरून टेबलासमोर आला. रेशमी झूल नाही, गाडी नाही. पुढच्या पायाला माझी पट्टी.

"पळवत न्हाई," तो म्हणाला. "गोळी हाय तिच्या अंगात."

पुढच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. "गोळीवाला!" मग दुसरा, मग रांगच्या रांग. आण्णा पुढंच खुर्चीवर बसले होते, मिशीतल्या मिशीत हसत. अमरेश खाली बघत उभा राहिला. फक्त लगामावरची बोटं पांढरी पडली होती.

आमच्याकडं पोरीसुद्धा "मी आलो, मी गेलो" म्हणतात. पदवीला बाहेर गेले तेव्हा सगळ्यांनी हसून हसून माझं ते बोलणं सोडवलं होतं. दवाखान्यात मी "आले, गेले" करते. पण राग आला की कसलं काय.

मी बाळासोंच्या हातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"ऐका," मी म्हटलं. "ही गोळी मी दिलो. घोडीच्या पायाला सूज हुती. मी ह्यांना सांगितलो, उपाशीपोटी द्या, आधी काही खायचं नाही, उन्हं वर येईपर्यंत तोंड बंद. ते घोडीला हुतं. ह्यांनी काय केलं ठाऊक हाय? घोडीला पेंढीभर कडबा घातला आणि स्वतः उपाशी राहिले. रोज. बोलले सुद्धा नाहीत. आईला वाटलं, पोरानं नवस धरलाय."

मागून एक बाई खुदकन हसली. मग हसू पुढं पुढं येत गेलं, शेवटी घोड्यांनी कान टवकारले. आण्णा खुर्चीवरून उठले. त्यांना हसू आवरत नव्हतं, डोळे पुसत ते टेबलापाशी आले आणि त्यांनी माझ्या तोंडासमोरचा माइक स्वतःकडं वळवला.

"आरं, गोळी कुनी खायाची आन उपास कुनी धरायचा ह्ये ज्येला कळत न्हाई," ते म्हणाले, "त्यो काय डोंबल गोळी देऊन शर्यत मारनार? गेल्या साली घोडीच पळली. माझं चुकलं. ह्यो गोळीवाला न्हवं, ह्यो उपाशी हाय."

"उपाशी!" मैदान म्हणालं. झालं, नवं नाव पडलं. गोळीवाला त्या धुळीत कुठं गेला ते पुन्हा कुणी शोधलं नाही.

बाळासोंनी माइक परत मिळवला. "तर मग उपाशी पावणं, उपास कवा सोडताय?"

अमरेशनं माझ्याकडं बघितलं. कान लाल, अगदी गुळाच्या दुकानासमोर झाले होते तसे. "डॉक्टर म्हणतील तवा," तो म्हणाला. माइक त्याच्यापासून लांब होता, तरी पहिल्या चार रांगांनी ऐकलं असावं, कारण शिट्ट्या तिथूनच आल्या.

पहिली शर्यत सुटली आणि लोकांचं लक्ष एकदाचं तिकडं गेलं. मी पर्समधून गुळाचा खडा काढला. शेवंतीनं मान पुढं केली. मी तिला बाजूला सारलं.

"तुला न्हाई. घ्या... घे. सोड उपास."

त्यानं खडा घेतला, पण तोंडात घातला नाही. तळहातावर ठेवून बघत राहिला.

"डॉक्टर, तुमी सांगितलं हुतं... रक्तातनं गेलं तरी जिथं दुखतंय तिथं थांबतंय."

"हं."

"घोडी आता बरी हुईल. संध्याकाळी फोन करायला मला काय निमित्त ऱ्हाणार न्हाई. तर तिथं... माझ्यात... लई दिस थांबणार असं दिसतंय. काय औषध हाय काय त्येच्यावर?"

धूळ उडत होती, बाळासो ओरडत होते, आणि हा प्रश्न परीक्षेत कधी विचारला नव्हता. मी त्याच्या तळहातावरचा खडा दातांनी निम्मा तोडला, उरलेला त्याच्या तोंडासमोर धरला.

"औषध न्हाई," मी म्हटलं. "अव्वांना सांग, उद्या सकाळी येतो मी जेवायला."

तो माझ्याकडं बघत हसू लागला. "येतो?"

"येतो. आणि उन्हं वर यायच्या आत येतो. बोलायला मोकळा राहा."

त्यानं गूळ खाल्ला.